विद्यापीठातील संगणक-साहाय्य : कामाची रीत आणि पथ्ये

टेबलावरचे संगणक, त्यांना जोडलेले प्रिंटर, स्कॅनर आणि यूपीएस, शिवाय त्यांच्यापर्यंत येणारी लॅनची तार चालू स्थितीत ठेवणे हे विद्यापीठातील संगणक-साहाय्याचे काम. सर्व्हर, संकेतस्थळ आणि निकालाची प्रणाली सहसा दुसऱ्या गटाकडे असतात. पण तक्रार घेऊन येणाऱ्याला हा भेद ठाऊक नसतो आणि असण्याचे कारणही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने माहिती तंत्रज्ञान मंडळ हे विद्यापीठाचे एक प्राधिकरण ठरवले आहे. धोरण तिथे ठरते. खोलीपर्यंत जाऊन कॅबिनेट उघडणारा माणूस मात्र बहुधा एखादा कंत्राटी तंत्रज्ञ असतो, नाहीतर एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्या पुरवठादाराचा इंजिनिअर.

कंपनीत एकाच बनावटीची शंभर-दोनशे यंत्रे एकदम येतात आणि एकदमच जातात. विद्यापीठात तसे घडत नाही. भूगोल विभागाचे संगणक संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून आलेले असतात, रसायनशास्त्राचे उपकरणासोबत आलेले, परीक्षा विभागाचे विद्यापीठ निधीतून घेतलेले आणि एखाद्या प्राध्यापकांचा त्यांनी स्वतःच्या पैशाने आणून ठेवलेला. ही सरमिसळ एकाच मजल्यावर सापडते. म्हणून नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञाने पहिल्या महिन्यात दुरुस्तीइतकेच लक्ष मोजदादीकडे द्यावे. डेडस्टॉक नोंदवहीत 'संगणक संच – १' एवढेच लिहिलेले असते. त्यावरून कामाचे काहीच कळत नाही. त्यामुळे आपली वेगळी यादी हवी: यंत्राचा सिरियल नंबर, प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्कचा प्रकार, विंडोजची आवृत्ती, वॉरंटी संपण्याची तारीख, खोली, वापरणाऱ्याचे पद आणि जोडलेला प्रिंटर. यंत्राचा क्रमांक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूस चिकटवावा. मागे चिकटवलेला क्रमांक फोनवर वाचून दाखवण्यासाठी टेबलाखाली कोणी शिरत नाही.

खरेदीच्या वेळी

संगणक शासकीय ई-बाजारपेठेतून, म्हणजे जेमवरून, घेतला जावो की दरपत्रके मागवून, तांत्रिक तपशील लिहिण्याचे काम फिरून फिरून साहाय्य विभागाकडेच येते. इथली एक ढिलाई पुढे पाच-सात वर्षे छळते. तपशिलात नुसते 'आय-५ प्रोसेसर' लिहिले तर चौथ्या पिढीचा आय-५ही त्यात बसतो आणि बाराव्या पिढीचाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पिढी लिहावी, 'एसएसडी' असे स्पष्ट म्हणावे, रॅमची एक खोबण मोकळी मागावी आणि वॉरंटी जागेवर येऊन देण्याची असावी. जागेवरची वॉरंटी नसेल तर दर वेळी गेट पास काढून यंत्र शहरात पाठवावे लागते आणि तेवढे दिवस टेबल रिकामे राहते. माल आल्यावर खोक्यावरचा सिरियल नंबर, यंत्रावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून पाहिल्याशिवाय बसवणीच्या अहवालावर सही करू नये.

जुन्या यंत्रांचा प्रश्न सध्या अधिक टोकदार झाला आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते; इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्यात बसतात. त्याआधीच्या यंत्रांसाठी तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेणे: शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने दर यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर केला होता. दुसरी वाट लिनक्सची. उबुंटू किंवा सी-डॅकचे 'बॉस' आणि सोबत लिब्रेऑफिस एवढ्यावर टंकलेखन, ब्राउझर आणि ईमेल व्यवस्थित चालतात. तिसरी निर्लेखनाची. तपासणी टाळून चोरवाटेने विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. घरच्या यंत्रावर त्या ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर कराव्यात, परीक्षा विभागाच्या यंत्रावर अजिबात करू नयेत.

तक्रार ऐकण्याची रीत

'कॉम्प्युटर बंद पडलाय' या वाक्याचा अर्थ फार मोठा असतो. मॉनिटरची तार सैल असणे, यूपीएसचे बटण लाथेने दाबले जाणे, पासवर्ड चुकणे, प्रिंटरमधला कागद संपणे, विद्यापीठाची प्रणाली सकाळपासून बंद असणे, हे सगळे त्यात येते. म्हणून फोनवर तीन प्रश्न ठरलेले असावेत: पडद्यावर नेमके काय दिसते आहे, शेवटचे नीट कधी चालले आणि त्यानंतर काय बदलले. बोलणे साधारण असे होते:

'मॅडम, पडद्यावर काही लिहून आलंय का?'

'हो, काहीतरी इंग्रजीत आलंय. मी ओके केलं.'

'परत आलं तर ओके करू नका, मोबाइलवर फोटो काढून पाठवा.'

या फोटोने निम्मे हेलपाटे वाचतात. मात्र तिसऱ्या प्रश्नाला पहिले उत्तर नेहमी 'काहीच बदललं नाही' हेच असते, ते तसेच लिहून घेऊ नये. काल खोलीची सफाई झाली का, टेबल सरकवले का, कोणाचा पेन ड्राइव्ह लावला होता का, रात्री वीज गेली होती का, असे फोडून विचारावे. माणसे लपवत नसतात. टेबल हलवणे आणि इंटरनेट जाणे यांचा संबंध असू शकतो हे त्यांच्या डोक्यात येत नाही, इतकेच.

प्रत्येक तक्रारीची नोंद व्हायला हवी. जीएलपीआय किंवा ओएसटिकेट ही मोफत, मुक्त स्रोतातली सॉफ्टवेअर विद्यापीठाच्याच एखाद्या सर्व्हरवर चालतात. तेही जमत नसेल तर शंभर पानी वही चालेल. तारीख, यंत्राचा क्रमांक, लक्षण, केलेला उपाय आणि वेळ एवढे रकाने पुरेत. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेली तक्रार ही नोंद नव्हे. दोन दिवसांत ती सुप्रभाताच्या संदेशांखाली गाडली जाते आणि वर्षअखेरीस 'नवीन माणूस कशाला हवा' या प्रश्नाला देण्यासाठी हाती एकही आकडा उरत नाही.

नोंदीचा दुसरा उपयोग अग्रक्रम ठरवण्यासाठी होतो. विद्यापीठात मानाची उतरंड पक्की असते आणि वरच्या दालनातून आलेला फोन आधी घ्यावा असा संकेतच असतो. तरीही परीक्षेच्या सकाळी परीक्षा विभागाचे काम पहिले, वेतनाच्या तारखेला लेखा विभागाचे आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पात्रता विभागाचे. हा क्रम विभागप्रमुखांच्या सहीने आधीच लिहून घेतला तर ऐन वेळी तंत्रज्ञाला कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

यंत्राजवळ गेल्यावर

हात लावण्याआधी पाहावे आणि काही बदलण्याआधी डेटा सुरक्षित आहे का ते विचारावे. या दोन गोष्टी सांगायला सोप्या आहेत, पण मागे रांग उभी असली की त्याच आधी सुटतात. संगणक पुन्हा सुरू करण्याने बऱ्याच तक्रारी मिटतात हे खरे. पण समोर सेव्ह न केलेली पाठ्यक्रमाची फाइल उघडी असेल तर तोच उपाय अंगाशी येतो. 'फॉरमॅट मारून देतो' हे वाक्य तर शेवटचे असावे. फॉरमॅट करण्यापूर्वी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, ब्राउझरमधले बुकमार्क, टॅलीचा डेटा आणि जुने फाँट यांची प्रत घेऊन ती वापरणाऱ्यालाच उघडून दाखवावी. 'सगळं डी ड्राइव्हला आहे' असे सांगणाऱ्यांच्या फाइली हमखास डेस्कटॉपवर सापडतात.

दोषाचा शोध वीज, जोडणी, यंत्र, सॉफ्टवेअर आणि शेवटी नेटवर्क या क्रमाने घेतला की वेळ वाया जात नाही. विजेपासून सुरुवात करण्याचे कारण साधे आहे: जुन्या इमारतींतले अर्थिंग विश्वासाचे नसते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर सतत राहत असेल तर वारंवार जळणाऱ्या एसएमपीएसचे मूळ भिंतीत आहे आणि कागद स्थापत्य-विद्युत विभागाकडे जायला हवा. टेबलाखालच्या छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षे टिकते. त्यानंतर यूपीएस हा केवळ महागडा एक्स्टेन्शन बोर्ड उरतो. त्यावर लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. कागद तापवण्यासाठी प्रिंटर एकदम ओढतो तो करंट यूपीएसला पेलत नाही.

पावसाळ्यानंतर 'चालू होतो, पण पडद्यावर काही येत नाही' अशा तक्रारी वाढतात. धूळ आणि दमटपणा यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढते. रॅम काढून पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसून परत घट्ट बसवणे हा देशभरातल्या दुरुस्ती-दुकानांचा उपाय आहे आणि तो बहुधा लागू पडतो. शाई खोडायचा खरखरीत रबर मात्र पट्टीच खरवडतो. रॅमला हात लावण्याआधी वीज तोडून कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी.

एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. तक्रार येते, 'इंटरनेट चालत नाही'. तार ठीक, दिवे लुकलुकताहेत, पिंगही होते. पण कोणतेही संकेतस्थळ उघडले की ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असे म्हणून अडवतो. अशा वेळी नेटवर्कमध्ये तासभर शोधाशोध करण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती दहा वर्षे मागची असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. वीज गेली की यंत्र तारीख विसरते. संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असते. चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर ते ग्राह्य धरत नाही. काही रुपयांची बॅटरी बदलली, तारीख दुरुस्त केली की इंटरनेट 'चालते'. नुसती तारीख दुरुस्त करून निघून गेल्यास वीज जाईल त्या दिवशी तीच तक्रार परत येते.

जुन्या संगणकाचा मंदपणा ही सर्वांत मोठी तक्रार. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवणे आणि रॅम ४ वरून ८ जीबी करणे यापेक्षा कमी खर्चात जास्त फरक पाडणारा उपाय नाही. क्लोनझिलाने जुन्या डिस्कची प्रत नव्यावर उतरवली तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागत नाहीत. नवी डिस्क आकाराने लहान असेल तर आधी जुन्या डिस्कवरचे विभाजन आक्रसून घ्यावे लागते.

प्रिंटर आणि मराठी

विद्यापीठाचा कारभार अजूनही कागदावर चालतो, त्यामुळे तक्रारींत प्रिंटरचा वाटा मोठा. १२ए कार्ट्रिजवर चालणारे छोटे लेझर प्रिंटर कित्येक कार्यालयांत आजही टिकून आहेत. कार्ट्रिज रिफिल करून वापरण्याचा रिवाज आहे. त्यात वाईट काही नाही, पण तीच नळी चार-पाचदा भरल्यावर ड्रमवर ओरखडे येतात. छापील पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा उमटत असेल तर दोष कोणत्यातरी फिरत्या भागात, बहुतेक वेळा ड्रममध्ये असतो. सलग उभी रेघ असेल तर पुसणारी पट्टी किंवा भरलेली धूळ तपासावी. पावसाळ्यात कागद अडकण्याचे कारण अनेकदा प्रिंटर नसून ओलसर कागद असतो. रिम फोडल्यावर उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तर निम्मे अडकणे थांबते. रांगेत अडकलेली छपाई न हलत असेल तर प्रिंट स्पूलर सेवा थांबवून स्पूलचा फोल्डर रिकामा करावा आणि सेवा परत सुरू करावी. लॅनवरून वाटून वापरलेल्या प्रिंटरांचे दुखणे २०२१च्या उत्तरार्धात वाढले: स्पूलरमधली गंभीर त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटांनंतर '११बी'ने संपणारा एरर कोड कार्यालयाकार्यालयांत दिसू लागला. रजिस्ट्रीत बदल करून ते संरक्षणच बंद करण्याचा उपाय तेव्हा हातोहात पसरला. त्यापेक्षा सर्व यंत्रे अद्ययावत करणे किंवा स्वतःचा आयपी पत्ता असलेला प्रिंटर घेणे बरे.

मराठी टंकलेखनाच्या तक्रारी बाहेरगावच्या इंजिनिअरला उमगत नाहीत, म्हणून त्या अडून राहतात. श्री-लिपी, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि लिपिक म्हणतो, फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते. तात्पुरता उपाय म्हणून तो फाँट टाकावा. कायमचा उपाय म्हणजे परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि जोडाक्षरे, विशेषतः रफार, डोळ्यांखालून घालणे. नव्या लेखनासाठी विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मुळापासून आहे आणि मे २०१९च्या आवृत्तीपासून फोनेटिक कळफलकही आला आहे. वेगळे सॉफ्टवेअर टाकण्याची गरज उरलेली नाही. 'दुसऱ्या'तला अर्धा र कसा काढायचा हा प्रश्न तर दर महिन्याला येतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, एवढेच ते आहे. हा क्रम कागदावर छापून आस्थापना विभागात भिंतीला लावून टाकावा.

उपकरणांचे संगणक

विद्यापीठात हमखास आढळणारा प्रकार म्हणजे प्रयोगशाळेतील उपकरणाला जोडलेला संगणक. वर्णपटमापी किंवा क्रोमॅटोग्राफीचे यंत्र लाखो रुपयांचे असते, चांगले चालत असते आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर किंवा ७ वर चालते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. सुरक्षेचा नियम सांगतो की असे यंत्र बदला. प्राध्यापक सांगतात की त्याला हात लावू नका. इथे प्राध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे. त्या संगणकात उपकरणाचे खास कार्ड असते, मागे सिरियल पोर्टची जोडणी असते आणि उत्पादकाने नवे सॉफ्टवेअर दिलेच तर त्याची किंमत नव्या संगणकाच्या कितीतरी पट असते.

तंत्रज्ञाने अशा यंत्राची लॅनची तार काढून टाकावी, अपडेट आणि अँटिव्हायरसच्या वाटेला जाऊ नये, आणि सर्वांत आधी, यंत्र धडधाकट असतानाच, पूर्ण डिस्कची प्रतिमा क्लोनझिलाने बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी. ती प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून यंत्र एकदा सुरू करून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. त्याच बनावटीचे निर्लेखित संगणक कुठे असतील तर त्यांचे एसएमपीएस आणि रॅम रीतसर परवानगीने बाजूला काढून ठेवावेत. बाजारात ते भाग मिळेनासे झालेले असतात. मोजणीच्या फाइली बाहेर नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठरवून द्यावा आणि तो दर वेळी दुसऱ्या, संरक्षित यंत्रावर तपासावा. एखाद्या विद्यार्थ्याने गाणी ऐकण्यासाठी तिथे मोबाइल जोडला तर चार वर्षांच्या पीएचडीची मोजणी अडकू शकते, हे विभागात स्पष्टपणे सांगावे.

संगणक-कक्ष आणि नेटवर्क

विद्यार्थ्यांच्या संगणक-कक्षात एकेक यंत्र सांभाळणे व्यर्थ आहे. एक यंत्र नीट तयार करावे, सिसप्रेप करून त्याची प्रतिमा घ्यावी आणि सुट्टीत फॉग किंवा क्लोनझिलाने ती सर्वांवर उतरवावी. पुन्हा सुरू केल्यावर मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर असेल तर विद्यार्थ्यांनी काम कुठे जतन करायचे ते मोठ्या अक्षरांत लावावे, नाहीतर प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत रडारड होते. हे कक्ष आता प्रवेश परीक्षांसाठीही दिले जातात. त्या काळात राखीव यंत्रे भरून, सुरू करून तयार ठेवावी लागतात. माउस आणि रॅम चोरीला जातात. कॅबिनेटला कुलूप लावण्यात संकोच नको.

नेटवर्कच्या तक्रारीत आधी आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही. दोष तारेत, स्विचमध्ये किंवा त्या सर्व्हरमध्ये शोधावा, ब्राउझरमध्ये नव्हे. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. वसतिगृहापर्यंत छतावरून ओढलेल्या लांबलचक तारेवरची जोडणी अधूनमधून तुटते ती याच कारणाने. कधी एखाद्या विभागाचे संपूर्ण जाळे अचानक ठप्प होते, स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत भडभड लुकलुकतात. सफाईनंतर लोंबकळती तार दिसली म्हणून कोणीतरी ती मोकळ्या खोबणीत खोचलेली असते आणि तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये असते. संदेश गोल फिरत राहतात आणि जाळे गुदमरते. एकेक तार उपसत गेले की दोषी तार सापडते. स्विचमध्ये लूप रोखण्याची सोय असेल तर ती चालू करून ठेवावी.

परीक्षेचे दिवस

बऱ्याच विद्यापीठांत प्रश्नपत्रिका आता परीक्षेच्या थोडा वेळ आधी इंटरनेटवरून केंद्रावर येते, अधिकृत व्यक्तीच्या मोबाइलवर पासवर्ड येतो आणि तिथेच छपाई होते. त्या खोलीतील संगणक, प्रिंटर, झेरॉक्स मशीन, यूपीएस आणि पर्यायी इंटरनेट यांची रंगीत तालीम आदल्या दिवशी नमुना फाइलवर करावी. टोनर भरलेला हवा आणि दुसरा हाताशी हवा. विंडोजचे अपडेट त्या आठवड्यापुरते पुढे ढकलावेत. प्रश्नपत्रिका उघडण्याच्या क्षणी तंत्रज्ञाने खोलीबाहेर थांबावे आणि बोलावल्यासच, केंद्रप्रमुखांच्या समोर, आत यावे. पेपर फुटल्याची चौकशी निघाली तर खोलीत कोण होते हाच पहिला प्रश्न असतो. छपाईनंतर डाउनलोड्स, रिसायकल बिन आणि छपाईची रांग रिकामी करावी. मोठ्या कॉपियरमध्ये स्वतःची डिस्क असते आणि ती पाने साठवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचे ठरवले, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. निर्णय घाईचा होता आणि तो वरच्या पातळीवरचा होता. साहाय्य विभागापुरते त्यातून घेण्यासारखे इतकेच की नवी प्रणाली येणार असेल तर तिची चाचणी प्राध्यापक ज्या जुन्या यंत्रावर आणि ज्या वेगाच्या इंटरनेटवर खरोखर काम करणार आहेत त्यावरच घ्यावी, आणि त्रुटी तोंडी न सांगता टिप्पणीवर लिहून द्याव्यात.

विषाणू, पासवर्ड आणि प्रती

पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली शॉर्टकट झाल्या, ही तक्रार कॅम्पसवर अजून संपलेली नाही. फाइली पुसल्या गेलेल्या नसतात. विषाणूने त्यांना लपवलेले असते. संरक्षित यंत्रावर विषाणू काढून ॲट्रिब या आज्ञेने 'लपलेले' आणि 'सिस्टिम' हे गुणधर्म काढले की त्या दिसू लागतात. ऑटोरन सर्व यंत्रांवर बंद असावे. फुकटात विंडोज किंवा ऑफिस 'ॲक्टिव्हेट' करणारी साधने स्वतःच विषाणूंचे मोठे दार आहेत. मे २०१७च्या वॉनाक्राय हल्ल्यात ज्या त्रुटीचा फायदा घेतला गेला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते ते सापडले. असा हल्ला झाल्यास यंत्र लॅनपासून तोडावे आणि वरिष्ठांना लगेच कळवावे: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. लाजेपोटी गुपचूप फॉरमॅट करून टाकणे हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. दुरुस्ती साधी होती, पण ती एकेका यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन करायची होती. आणि बिटलॉकर असलेल्या यंत्रांवर आधी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात होती. ज्यांच्याकडे त्या कीची यादी होती त्यांचे काम त्या दिवसांत पुढे सरकले. विंडोज ११ असलेल्या नव्या यंत्रांवर बिटलॉकर नकळत चालू झालेले असू शकते. म्हणून यंत्र ताब्यात देतानाच की नोंदवून कुलपात ठेवावी.

तंत्रज्ञाने कोणाचा पासवर्ड विचारू नये. तो ज्याचा त्याने टाकावा. ॲनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरने दुरून काम करताना समोरच्याला बँकेचे पान, ईमेल बंद करायला सांगावे आणि काम संपताच जोडणी तोडून दाखवावी. याच सॉफ्टवेअरच्या नावाने आर्थिक फसवणूक होते, तेव्हा 'आमच्या विभागातून फोन आला तरी तो विस्तार क्रमांकावर उलटा फोन करून तपासा' असे सर्वांना सांगून ठेवावे. निविदांसाठी वापरला जाणारा डिजिटल सहीचा टोकन अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत यंत्राला लावून ठेवणे ही सोय नसून धोका आहे. तंत्रज्ञाने तो हातातसुद्धा घेऊ नये.

प्रबंध ही विद्यापीठातली सर्वांत नाजूक फाइल. ती एकाच पेन ड्राइव्हवर असते आणि 'वाङ्मयचौर्य तपासणीला उद्याच द्यायचीय' म्हणत विद्यार्थी दारात उभा राहतो. खराब पेन ड्राइव्हवर काहीही लिहू नये. आधी त्याची प्रतिमा घेऊन सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. तबकडीच्या डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर ती लगेच बंद करून व्यावसायिक प्रयोगशाळेचा पत्ता द्यावा. त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर हा नियम पीएचडीच्या पूर्वतयारी वर्गात साहाय्य विभागाने स्वतः जाऊन सांगावा. तो अर्धा तास पुढच्या कित्येक संध्याकाळी वाचवतो.

यंत्राचा शेवट

निर्लेखन समितीपुढे यंत्र ठेवताना दुरुस्तीचा इतिहास जोडावा लागतो. इथे वहीतल्या नोंदी कामी येतात. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुने संगणक नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच जायला हवेत; सर्वाधिक बोली लावणाऱ्या कोणत्याही भंगारवाल्याला ते देता येत नाहीत. त्याआधी डिस्क रिकामी करावी. फाइली डिलीट करणे किंवा झटपट फॉरमॅट करणे पुरत नाही. तबकडीच्या डिस्कवर संपूर्ण जागेवर पुन्हा लिहावे, एसएसडीसाठी उत्पादकाची सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी आणि बंद पडलेल्या डिस्कला सरळ ड्रिलने भोके पाडावीत. गुणपत्रके, आधार क्रमांक आणि वेतनाचे तक्ते वर्षानुवर्षे याच डिस्कवर साठलेले असतात. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेला, ती पुसल्याचा किंवा नष्ट केल्याचा दाखला निर्लेखनाच्या फाइलला जोडल्याशिवाय एकही कॅबिनेट फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.